दिवे विझवणारा माणूस

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या भिवंडीत मागांची खटखट वाढते. बाजारात कापड वेळेवर पोचवायचे असते आणि त्यापायी रात्रीचा दिवस होतो. या गावाचे एक मोठे गमतीचे आहे. परक्या माणसाला इथे आवाजामुळे झोप लागत नाही, आणि भिवंडीकराला आवाज थांबला की जाग येते!

परवाच्या रात्री तसेच झाले. वीज गेली. एका क्षणात गल्लीतले सारे धोटे जागच्या जागी थांबले, पंखे थबकले आणि रात्री दोन वाजता अर्धी गल्ली डोळे चोळीत ओट्यावर येऊन बसली. कोणी विडी पेटवली, कोणी मेणबत्ती शोधू लागले. समोरच्या कारखान्यातले एक वृद्ध विणकर, ज्यांना सारी गल्ली चाचा म्हणते, ते आपल्या हिंदी-मराठी मिसळीत म्हणाले, की हात हजारोंचे, पण जीव मात्र एका तारेत अडकलेला!

चाचा सहज बोलून गेले. पण त्या अंधारात मला एका माणसाची आठवण झाली. आपल्याच मुलखातला माणूस. साऱ्या मुंबईचा जीव एका तारेत अडकला आहे हे त्याने १९४२ साली ओळखले, आणि ती तारच त्याने जमिनीवर आणली. लोक दिवाळीत दिवे लावतात. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास हा मनुष्य हातात करवत घेऊन रानात दिवे विझवीत हिंडत होता.

त्याचे नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई म्हणत.

दादरला प्लाझा चित्रगृहासमोर एक उद्यान आहे. ‘कोतवाल उद्यान’ हे नाव मुंबईत कोणाला ठाऊक नाही? रोज हजारो माणसे त्याच्या कडेने धावतपळत जातात, तिथे उभी राहून बसची वाट पाहतात, ‘कोतवालपाशी भेटू’ म्हणून एकमेकांना सांगतात. पण हा कोतवाल कोण, असे त्यांच्यातल्या दहांना विचारून पाहा. एखादा म्हणेल, पूर्वी इथे कोतवाली असेल! नावाची पाटी झाली आणि माणूस पाटीमागे लपला.

न्हाव्याचा मुलगा वकील होतो

नेरळ स्टेशनाच्या डोक्यावर माथेरानचा डोंगर उभा आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० साली ही जागा हेरली, तेव्हापासून तिथे साहेबलोकांचे आणि मुंबईच्या धनिकांचे बंगले उठले. १९०७ साली आदमजी पीरभाईंची छोटी आगगाडी नागमोडी वळणे घेत वर पोचली. मंडळी हवा खायला येत आणि पावसाळा तोंडावर आला की निघून जात. मागे राहत ते घोडेवाले, हमाल, दुकानदार, माळी आणि न्हावी.

अशाच एका गरीब नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठलचा जन्म झाला. घरी वस्तरा-कात्री, इस्टेट म्हणावी असे काही नाही. पण पोर हुशार निघाले. ते शिक्षणासाठी पुण्याला गेले, कॉलेजात शिकले आणि पुढे वकिलीची परीक्षा देऊन वकील झाले. त्या काळात न्हाव्याच्या मुलाने वकिलीचा काळा डगला अंगावर चढवणे ही सोपी गोष्ट नव्हती. एवढे झाल्यावर दुसरा एखादा मुंबईत बिऱ्हाड थाटून बसला असता, आणि त्याला कोणी नावेही ठेवली नसती. भाई मात्र परत डोंगराकडे आले. माथेरानच्या नगरपालिकेत निवडून गेले आणि तिचे उपाध्यक्ष झाले.

येथपर्यंतची कथा एका कर्तबगार तरुणाची. क्रांतिकारकाची नव्हे.

धान्याची कोठी

माथेरानच्या पायथ्याशी कर्जत-नेरळच्या पट्ट्यात आणि पलीकडे मुरबाडच्या रानात शेतकरी, ठाकूर, कातकरी यांची वस्ती. भात हे एकच पीक. सुगीला घरात आलेले भात देणी भागवता भागवता संपून जाई आणि ज्येष्ठ-आषाढात चूल थंड पडे. पेरणी तोंडावर, पोटात अन्न नाही. मग सावकाराचा उंबरा. एक मण भात न्यायचे आणि सुगीला दीड मण घालायचे, याला म्हणत दिढी. एकदा दिढीत शिरलेला माणूस सहसा बाहेर येत नसे. बाप गेला की मुलगा तेच देणे फेडायला उभा राही.

भाईंनी या दुखण्याची नाडी बरोबर ओळखली. त्यांनी धान्याची कोठी काढली. सुगीला सर्वांनी थोडे थोडे भात कोठीत घालावे, आणि अडीअडचणीच्या महिन्यात ज्याला गरज असेल त्याने तिथून उचलावे. सरकारची मदत नाही, सावकाराची मेहेरबानी नाही. भात आपले आणि कोठीही आपली! कल्पना ऐकायला साधी वाटते. पण ज्याच्या घरात आषाढात चूल पेटली, त्याला ती साधी वाटली नसेल.

दुसरे काम शाळांचे. खेड्यापाड्यांत शाळा नव्हत्या आणि सरकार त्या काढील अशी आशाही नव्हती. भाईंनी स्वयंसेवक शिक्षक उभे केले आणि या भागात अशा बेचाळीस शाळा चालवल्या, असे त्यांच्या चरित्राच्या हकिकतींत सांगितले जाते. चारचौघांची पोरे एका पडवीत बसवायची, कंदील टांगायचा आणि धुळाक्षरे गिरवायला लावायची. म्हणजे पुढे दिवे विझवणारा हा माणूस आधी दिवे लावीत हिंडला होता, हे विसरून चालणार नाही. पुढे जे घडले त्याचे मर्म इथेच आहे.

डोक्यावरून गेलेली वीज

आता थोडे विजेविषयी सांगितले पाहिजे.

मुंबईच्या गिरण्या पूर्वी कोळशाच्या धुरावर चालत. जमशेटजी टाटांच्या मनात आले, की सह्याद्रीवर एवढा पाऊस कोसळतो, तो वाया का घालवावा? ते स्वतः पाहायला राहिले नाहीत, पण त्यांच्या मागून योजना पुरी झाली. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून पाणी अडवले, ते प्रचंड नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली कोकणात सोडले, आणि त्या धारेवर चक्रे फिरवून १९१५ साली खोपोलीत वीज निघू लागली. १९२२ साली कर्जतजवळ भिवपुरीला दुसरे वीजघर चालू झाले आणि १९२७ साली भिऱ्याला तिसरे. ही वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरून, चिनी मातीच्या थाळ्यांना लटकलेल्या जाड तारांतून, रानावनांवरून सरळ मुंबईला जाई. तिच्यावर गिरण्या चालत, गाड्या धावत आणि रस्ते उजळत.

या विजेपायी मुळशी पेट्यातल्या मावळ्यांची भातखाचरे बुडाली आणि त्यांच्यासाठी सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह मांडला, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण ज्यांच्या शेतात मनोरे रोवले गेले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. तारा त्यांच्या डोक्यावरून गुणगुणत जात. खाली झोपडीत मात्र राॅकेलची चिमणी! पाऊस त्यांचा, डोंगर त्यांचा, जमीन त्यांची. उजेड तेवढा दुसऱ्याचा.

भाईंच्या शाळेतली पोरे त्याच तारांखाली कंदिलाच्या उजेडात बाराखडी शिकत होती.

आझाद दस्ता

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टची पहाट होण्याच्या आत गांधीजींसह सारे पुढारी तुरुंगात गेले. देश पुढाऱ्यांविना उरला. जो तो आपल्या बुद्धीप्रमाणे वागू लागला. कोणी मोर्चे काढले, कोणी सरकारी कचेऱ्यांवर झेंडे चढवले; मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त रेडिओ चालवला.

भाई भूमिगत झाले. नगरपालिकेचा उपाध्यक्ष, वकील, बायकामुलांचा धनी. सारे मागे ठेवून ते रानात शिरले. भोवती तरुण जमले. शेतकऱ्यांची मुले, मास्तर, कामकरी. या टोळीला त्यांनी नाव दिले आझाद दस्ता.

भाईंची बुद्धी वकिलाची. उगाच एखाद्या चौकीवर दगड मारून काय साधणार? दुसरे महायुद्ध ऐन रंगात होते. मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने लढाईसाठी राबत होते, आणि त्यांचा प्राण भिवपुरी-खोपोलीहून येणाऱ्या तारांत होता. तो प्राण ज्या रानातून जात होता, त्या रानाची वाट नि वाट दस्त्याच्या पायाखालची. पोलीस मुंबई राखतील. पण मैलोगणती पसरलेला एकेक मनोरा कोण राखणार?

सप्टेंबरपासून मनोरे पडू लागले. रात्री चालत जायचे, एकाने पहाऱ्याला बसायचे, बाकीच्यांनी लोखंड कापायच्या करवतीने मनोऱ्याचे पाय कापायचे. मनोरा चार पायांवर तोललेला असतो आणि दोन्ही बाजूंनी तारांची ओढ असते. पाय कापला गेला की तो आपल्याच भाराने कलतो. पण तो नेमका कधी आणि कोणत्या अंगाला कलेल हे आधी कोण सांगणार? वर हजारो व्होल्टची वीज. करवतीचा कर्रकर्र आवाज रात्रीच्या शांततेत दूरवर जाणारा. घामाने हात निसटत असतील, पाते मोडत असेल, आणि मग एकाएकी तो लोखंडी राक्षस करकरून खाली! तार जमिनीला टेकली की तिकडे वीजघरातली यंत्रे प्रवाह तोडीत आणि इकडे मुंबईच्या बाजूला चाके थांबत.

नोव्हेंबरपर्यंत असे अकरा मनोरे दस्त्याने पाडले. याच दिवसांत, १९४२ च्या दिवाळीच्या रात्री, तिकडे बिहारात जयप्रकाश नारायण हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले. दिवाळीचा तो अंधार सरकारला जड गेला खरा!

हे बरोबर होते काय? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. १९४४ साली सुटून आल्यावर गांधीजींनी स्वतः गुप्तपणा आणि मोडतोड आपल्याला मान्य नाही असे सांगितले आणि भूमिगतांना उघडपणे पुढे येण्याचा सल्ला दिला. गिरणी थांबली की मालकाबरोबर कामगारही थांबतो, हे आम्हा भिवंडीकरांना कोणी शिकवायला नको. एका दिवसाचा खाडा म्हणजे काय ते आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला कळते. तरीही एवढे ध्यानात ठेवले पाहिजे, की भाईंनी करवत लोखंडाला लावली. ज्या माणसाने आधी कोठी भरली, त्याने मग मनोरा पाडला. ज्याने कधी काही उभारलेच नाही, त्याने केलेली मोडतोड आणि ही मोडतोड यांत फरक आहे.

कॉर्कचा नगरपती

या ठिकाणी दूरच्या एका देशाची आठवण होते. आयर्लंडचे आणि आपले नाते जुने. ‘होमरूल’ हा शब्द मुळी आयरिश लोकांच्या चळवळीतला. १९१६ च्या एप्रिलात लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग स्थापली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा. योगायोग असा, की नेमक्या त्याच आठवड्यात डब्लिन शहरात इंग्रजांविरुद्ध उठाव चालू होता.

पुढे १९१९ ते १९२१ या काळात आयरिश तरुणांच्या लहान लहान टोळ्या डोंगरांतून हिंडल्या. शेतकऱ्याच्या घरी भाकरतुकडा खायचा, गोठ्यात झोपायचे आणि रात्री काम करून दिवस उगवण्याआधी नाहीसे व्हायचे. आझाद दस्त्याची रीत हीच. आणि कॉर्क शहराचा नगरपती टेरेन्स मॅकस्विनी! तोही भाईंप्रमाणेच नगरसंस्थेच्या खुर्चीवर बसलेला माणूस. इंग्रजांनी त्याला धरून लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात टाकले आणि ७४ दिवसांच्या उपवासानंतर २५ ऑक्टोबर १९२० रोजी त्याने देह ठेवला. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपवासाने गेले, तेव्हा मॅकस्विनीच्या घरच्यांनी आयर्लंडहून सांत्वनाची तार पाठवली होती. दुःखाला दुःखाची भाषा कळते.

मॅकस्विनीचे नाव जगभर झाले, कारण त्याचे मरण लंडनच्या वर्तमानपत्रांच्या डोळ्यांसमोर घडले. भाईंचे मरण घडले ते मुरबाडच्या अरण्यात, ओढ्याच्या काठी. तिथे वार्ताहर नव्हते.

सिद्धगडची पहाट

मनोरे पडू लागल्यावर सरकार स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. भाईंना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. गावोगाव पोलीस फिरू लागले. पैशाची रक्कम अशी, की रानातल्या माणसाने जन्मात पाहिली नसेल. तरीही कित्येक आठवडे भाईंचा ठावठिकाणा लागला नाही. कोणी भाकऱ्या पोचवी, कोणी वाटेवर पोलीस दिसले की निरोप धाडी.

का लपवले त्यांनी भाईंना? स्वराज्यावरची व्याख्याने त्यांनी फारशी ऐकली नव्हती. त्यांनी पाहिली होती धान्याची कोठी. ज्याने आषाढात आपल्या पोरांच्या तोंडी घास घातला त्याला बक्षिसासाठी विकायचे? एवढा हिशोब न शिकलेल्या माणसालाही येतो.

कर्जतच्या बाजूला पाठलाग वाढला तेव्हा दस्ता पूर्वेकडे सरकून मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या जंगलात आला. भीमाशंकरच्या डोंगररांगेला खेटून उभा असलेला हा गड तीन हजार फुटांहून उंच. भोवती गर्द झाडी, शेजारी गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. लपायला याहून चांगली जागा कोणती? पण जागा कितीही चांगली असली तरी माणसे सारखी नसतात. खबर फुटली.

२ जानेवारी १९४३. थंडीची पहाट. पोलीस अधिकारी हॉल आपली तुकडी घेऊन आला आणि दस्त्याचा तळ घेरला गेला. गोळ्या सुटल्या. दस्त्यातला तरुण हिराजी पाटील कोसळला. भाईंच्या मांडीत गोळी शिरली आणि ते खाली पडले. जखमी होऊन पडलेल्या भाईंवर हॉलने जवळून गोळी झाडली, असे या भागात आजही सांगतात.

तिसावे वर्ष पुरे होऊन त्या दिवशी महिना आणि एक दिवस झाला होता.

आणि हिराजी?

भाईंच्या नावाचे निदान उद्यान आहे. हिराजीचे काय? नेरळच्या परिसरातल्या मानिवली गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. वडील गोमाजी पाटील हेही याच चळवळीतले. घरात एकाने देशकार्य करावे आणि बाकीच्यांनी घर सांभाळावे अशी आपल्याकडची वाटणी असते. या घराने ती मानली नाही. बापाने मुलाला अडवले नाही आणि मुलाने बापाच्या म्हातारपणाची सबब पुढे केली नाही. नेरळच्या हुतात्मा चौकात दोघांची नावे बरोबरीने घेतली जातात. पण कल्याणचा पूल ओलांडून इकडे आलात की हिराजीचे नाव कोणाच्या तोंडी येत नाही. आमच्या भिवंडीतही नाही. आणि भिवंडी ते मुरबाड हे काही परदेशाचे अंतर नव्हे. एकाच ठाणे जिल्ह्यातले हे दोन तालुके.

दर वर्षी २ जानेवारीला माणसे सिद्धगडाच्या पायथ्याशी जमतात. आदल्या रात्रीच येऊन थंडीत शेकोट्या पेटवून बसतात आणि पहाटे, त्या दोघांनी प्राण ठेवले त्या वेळेला, मान लववतात. २०२० साली भाईंवर एक मराठी चित्रपटही आला. म्हणजे अगदीच विस्मरण झाले आहे असे नाही. पण ज्या शहराची वीज त्यांनी तोडली, त्याने त्यांचे नाव बागेला देऊन विसरून जावे, आणि ज्या रानाने त्यांना भाकरी घातली, त्याने शेकोटीपाशी बसून ते जपावे, यात काही नवल नाही. आठवण बहुधा देणाऱ्यापाशीच राहते.

परवाच्या रात्री मी हे सारे ओट्यावर बसलेल्या मंडळींना सांगितले. तास-दीड तास गेला असेल. चाचांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, की मनोरे ज्यांच्या शेतात होते त्यांना वीज केव्हा मिळाली? मी म्हटले, स्वराज्य आल्यावर, हळूहळू; कोणाला लवकर, कोणाला फार उशिरा. चाचांनी मान हलवली. इतक्यात दिवे आले. मंडळी झटकून उठली, कारण खाडा भरून काढायचा होता. आणि पाच मिनिटांत गल्लीत असा खडखडाट सुरू झाला, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना.

वाचकहो, यंदा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरातले दिवे लावाल तेव्हा एक पणती या दोघांसाठी वेगळी काढून ठेवा. आणि जमले तर २ जानेवारीला कल्याणहून मुरबाडची एस. टी. धरा. पुढची वाट तिथला कोणीही दाखवील. सिद्धगडावर नव्हे, सिद्धगडाखाली जायचे आहे एवढे मात्र त्याला सांगा. तो लगेच ओळखील, की तुम्ही भाईंकडे निघाला आहात.